जनुकांना हुकूम कोण देतं?

पिंपरीत, जुन्या मुंबई–पुणे रस्त्याला लागून, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. परिसरातल्या लोकांच्या तोंडी तो नुसता 'एच. ए.'. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने भारत सरकारने 1954 साली ही कंपनी स्थापन केली. औषधं बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. पेनिसिलियम नावाची बुरशी मोठाल्या पोलादी टाक्यांत वाढवायची आणि तिने भोवतालच्या द्रवात सोडलेलं पेनिसिलिन वेगळं काढायचं, हे इथलं मूळ काम.

पेनिसिलिनच्या धंद्यातल्या लोकांना एक गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. बुरशीला ग्लुकोज भरपूर दिलं की ती फोफावते, पण पेनिसिलिन जेमतेमच करते. त्याऐवजी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज दिली तर वाढ संथ होते आणि पेनिसिलिन भरघोस येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेने मका भिजवलेलं पाणी आणि लॅक्टोज यांचं मिश्रण वापरून उत्पादन अनेक पटींनी वाढवलं, त्यामागे हेच होतं. पुढे ग्लुकोज एकदम न घालता टाकीत थोडंथोडं सोडण्याची पद्धत आली.

कोडं असं की दोन्ही वेळा बुरशी तीच आणि तिच्यातली जनुकंही तीच. पेनिसिलिन करण्याची सगळी सामग्री तिच्याकडे दोन्ही वेळा आहे. मग साखर बदलली म्हणून तिने काम थांबवावं, हे ठरवलं कोणी?

चालू-बंद कुठे होतं

जनुक म्हणजे डीएनएच्या लांबलचक साखळीचा एक तुकडा. एखादं प्रथिन कोणत्या अमिनो आम्लांपासून आणि कोणत्या क्रमाने बनवायचं, हे त्या तुकड्यात नोंदलेलं असतं. प्रथिन बनण्याआधी त्या तुकड्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघावी लागते. नक्कल निघाली नाही तर जनुक असूनही नसल्यासारखंच.

नक्कल करणारी यंत्रणा जनुकाच्या सुरुवातीच्या जागेवर येऊन बसते. याच जागेवर किंवा तिच्या शेजारी काही खास प्रथिनंही येऊन बसू शकतात. त्यातली काही वाट अडवतात, तर काही नक्कल करणाऱ्या यंत्रणेला हात देऊन जागेवर आणतात. या प्रथिनांना जनुक-नियामक प्रथिनं म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतून आलेलं 'ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर' हे नावही आता रुळलं आहे. पेनिसिलियममध्ये क्रेए नावाचं असं एक नियामक प्रथिन आहे. ग्लुकोज मुबलक असताना ते पेनिसिलिनच्या जनुकाची नक्कल दाबून धरतं. बुरशीच्या दृष्टीने यात शहाणपण आहे. सहज पचणारं अन्न समोर असताना वाढून घ्यावं, शत्रूंशी लढण्याचं रसायन नंतर करावं.

जनुकांना असं दाबून धरणारं कोणीतरी असतं, ही कल्पना 1961 साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी मांडली. लॅक्टोज पचवणारी जनुकं ई. कोलाय जिवाणू गरजेपुरतीच चालू करतो, हे पाहून त्यांनी अनुमान काढलं की पेशीत कोणीतरी ही जनुकं दाबून ठेवणारं असलं पाहिजे. तो 'कोणीतरी' म्हणजे प्रथिन आहे, हे 1966 साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी ते पेशीतून वेगळं काढून दाखवलं. एका नियामक प्रथिनाचं अस्तित्व पक्कं करायला पाच वर्षं लागली, ही गोष्ट पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी ध्यानात असू द्यावी.

स्ट्रेप्टोमायसिनचा निरोप

एच. ए. मध्ये साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. क्षयावरचं हे पहिलं परिणामकारक प्रतिजैविक, 1943 साली अमेरिकेत सापडलेलं. ते करणारा जीव बुरशी नसून स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियस नावाचा मातीतला जिवाणू आहे. पहिल्या पावसाबरोबर मातीचा जो वास सुटतो, तोही बराचसा याच स्ट्रेप्टोमायसेस कुळातल्या जिवाणूंनी केलेल्या रसायनाचा. हे कुळ औषधांचं भांडारच आहे. पिंपरीतच एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसेसपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळालं आणि त्या जिवाणूला स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना असं नाव मिळालं. पिंपरीचं नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात असं कायमचं नोंदलं गेलं आहे आणि इथल्या शाळांतून ते सांगितलं गेलं पाहिजे असं मला वाटतं.

ग्रिसियस हा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिन केव्हा करायचं हे कसं ठरवतो, याचा उलगडा बराच बारकाईने झालेला आहे. 1967 साली सोव्हिएत शास्त्रज्ञ खोख्लोव्ह यांना असं आढळलं की हा जिवाणू एक छोटा रेणू भोवताली सोडतो आणि त्याचं प्रमाण अत्यल्प असलं तरी औषधाची निर्मिती त्याच्यावर अवलंबून असते. त्याला ए-फॅक्टर म्हणतात. पुढची साखळी तोक्योमध्ये होरिनोउची आणि बेप्पु यांनी उलगडली.

वाढ कोवळी असताना आर्पए नावाचं प्रथिन डीएनएवर ठाण मांडून बसलेलं असतं. ते ज्या जनुकावर बसलंय, त्याचं नाव एडीपीए. जिवाणूंची दाटी वाढली की ए-फॅक्टर साचतो आणि आर्पएच्या एका खोबणीत जाऊन बसतो. त्यासरशी आर्पएचा आकार किंचित बदलतो, डीएनएवरची पकड सुटते आणि ते बाजूला होतं. आता एडीपीए जनुकाची नक्कल निघते आणि त्यापासून बनलेलं प्रथिन स्वतःच एक नियामक असतं. ते शेकडो जनुकांवर परिणाम करतं, त्यांतलं एक एसटीआरआर. त्या जनुकापासून तिसरं नियामक प्रथिन बनतं आणि तेच शेवटी स्ट्रेप्टोमायसिन बनवणाऱ्या जनुकांना चालना देतं.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. एसटीआरआरच्या अगदी शेजारचं जनुक स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणाऱ्या प्रथिनाचं आहे आणि दोघांची नक्कल एकदमच निघते. म्हणजे विष तयार होण्याआधीच जिवाणूकडे स्वतःपुरता उतारा तयार झालेला असतो.

हजारोंतून निवड

अशी एकेक साखळी उलगडायला संशोधकांची कारकीर्द खर्ची पडते. दुसरीकडे, जिवाणूचा संपूर्ण डीएनए वाचणं आता काही दिवसांचं काम झालं आहे. 2002 साली स्ट्रेप्टोमायसेस सीलिकलर या जिवाणूचा पूर्ण डीएनए प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात 7,825 जनुकं निघाली. त्यांतली 965, म्हणजे दर आठांत जवळपास एक, नियामक कामाची असावीत असा अंदाज संशोधकांनी केला. हा अंदाज त्यांनी प्रथिनांच्या अमिनो आम्लांचा क्रम पाहून केला. 965 प्रथिनांवर प्रयोग झालेले नव्हते.

चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्यात शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहावं आणि बाहेर पडणाऱ्या हजारो माणसांतून लाइन सुपरवायझर कोण हे ओळखावं, तसा हा प्रश्न आहे. गणवेश सगळ्यांचे सारखे. ओळखपत्रावर हुद्दा लिहिलेला नाही. मात्र ज्यांना आपण नक्की ओळखतो असे काही सुपरवायझर आणि काही ऑपरेटर आधीपासून माहीत आहेत. त्यांच्यात काय सारखं, काय वेगळं, हे पाहत पाहत अनोळखी माणसाबद्दल अंदाज बांधायचा. तो अंदाज बांधण्याचं काम माणसाऐवजी संगणकाने केलं की त्याला मशीन लर्निंग म्हणतात.

वीस अमिनो आम्लांची खूण

हे शक्य होतं, कारण डीएनएवर बसायचं तर प्रथिनाला काही विशिष्ट घडण लागते. 1981 साली अमेरिकेत ब्रायन मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी विषाणूतल्या क्रो नावाच्या नियामक प्रथिनाची त्रिमितीय रचना शोधली. पुढच्याच वर्षी इतर नियामकांशी तुलना करताना लक्षात आलं की एक छोटा भाग सगळ्यांत सारखा आहे. दोन लहान सर्पिल तुकडे आणि त्यांच्यामध्ये एक वळण. दुसरा सर्पिल डीएनएच्या खोबणीत नीट बसतो आणि तिथली अक्षरं चाचपतो.

ही खूण जवळून पाहू. गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी वेगळं काढलेलं ते दाबक प्रथिन 360 अमिनो आम्लांचं आहे. त्यातला सहाव्यापासून पंचविसाव्यापर्यंतचा क्रम असा: ल्युसिन, टायरोसिन, अस्पार्टेट, व्हॅलिन, अ‍ॅलनिन, ग्लुटामेट, टायरोसिन, अ‍ॅलनिन, ग्लायसिन, व्हॅलिन, सेरिन, टायरोसिन, ग्लुटामिन, थ्रिओनिन, व्हॅलिन, सेरिन, अर्जिनिन, व्हॅलिन, व्हॅलिन, अ‍ॅस्परजिन.

या वीस नावांतलं पाचवं पाहा, अ‍ॅलनिन. दोन सर्पिल इथे एकमेकांना अगदी खेटून असतात, त्यामुळे इथे लहान अमिनो आम्लच मावतं. नववं ग्लायसिन आहे, सगळ्यांत चिमुकलं. साखळीला इथे झटकन वळायचं असतं आणि मोठं अमिनो आम्ल त्या वळणात अडतं. पंधरावं व्हॅलिन हे पाण्यापासून दूर राहणारं, म्हणून ते आत दडतं आणि दोन्ही सर्पिल एकमेकांना धरून ठेवतं. बारावं टायरोसिन, तेरावं ग्लुटामिन आणि सतरावं अर्जिनिन ही मात्र बाहेरच्या बाजूला असतात. डीएनएला प्रत्यक्ष हात लावणारी तीच.

म्हणजे काही जागा घडणीसाठी बांधलेल्या आहेत आणि काही मोकळ्या. बांधलेल्या जागा ही खूण असलेल्या सगळ्या नियामकांत जवळपास सारख्या आणि मोकळ्या जागा ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वेगळ्या. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड इथे इयान डॉड आणि बॅरी एगन यांनी 1990 साली या निरीक्षणाचा एक तक्ता करून प्रसिद्ध केला. खुणेच्या कोणत्या जागेवर कोणतं अमिनो आम्ल आलं तर किती गुण, असा तो तक्ता. नवव्या जागेवर ग्लायसिन आलं तर घसघशीत गुण. सर्पिलाच्या मधोमध प्रोलिन आलं तर गुण वजा, कारण प्रोलिन सर्पिल मोडतं. अनोळखी प्रथिनावर हा तक्ता टोकापासून टोकापर्यंत सरकवत न्यायचा. कुठेतरी बेरीज ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर तिथे डीएनए पकडणारी खूण असण्याचा संभव.

योगायोगाने त्याच वर्षी पुणे विद्यापीठातून कोळस्कर आणि टोणगावकर यांनी याच जातीची एक पद्धत जगापुढे ठेवली. त्यांचा प्रश्न निराळा होता: प्रथिनाचा कोणता भाग शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरेल? प्रयोगांतून आधीच माहीत असलेले असे भाग घेऊन त्यांत कोणती अमिनो आम्लं किती वेळा येतात हे त्यांनी मोजलं, त्यांच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांशी त्याची सांगड घातली आणि नव्या प्रथिनाबद्दल अंदाज करणारी गणनापद्धत बनवली. सुमारे 75 टक्के अंदाज बरोबर येत. लस किंवा निदानाची चाचणी तयार करणारे जगभरचे संशोधक ही पद्धत आजही वापरतात. अमिनो आम्लांच्या नुसत्या क्रमावरून प्रथिनाचं काम ओळखायचं, ही परंपरा आपल्याकडे उशिरा आलेली नाही.

यंत्र शिकतं म्हणजे काय

डॉड आणि एगन यांच्या तक्त्यातले गुण ज्ञात उदाहरणं मोजून, माणसाच्या देखरेखीखाली ठरले होते. मशीन लर्निंगमध्ये गुण यंत्राने स्वतः ठरवायचे असतात. पद्धत अशी.

आधी उदाहरणं गोळा करायची. नियामक आहेत हे ठाऊक असलेली काही हजार प्रथिनं एका बाजूला आणि नियामक नसलेली दुसऱ्या बाजूला. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रथिन आकड्यांत मांडायचं. जुनी रीत म्हणजे वीस अमिनो आम्लांचं प्रमाण किती, शेजारी-शेजारी येणाऱ्या 400 जोड्यांपैकी कोणती किती वेळा येते, धन विद्युतभार किती, असे आकडे काढणं. विद्युतभार महत्त्वाचा, कारण डीएनएवर ऋण भार असतो आणि त्याला धरणाऱ्या प्रथिनात अर्जिनिन आणि लायसिन ही धन भाराची अमिनो आम्लं पुष्कळदा जास्त असतात.

यंत्राकडे सुरुवातीला प्रत्येक आकड्यासाठी कसलातरी यादृच्छिक गुण असतो, त्यामुळे पहिले अंदाज निव्वळ ठोकताळे असतात. अंदाज चुकला की कोणत्या गुणामुळे किती चूक झाली याचा हिशेब होतो आणि तो गुण चुकीच्या उलट दिशेला अगदी थोडा सरकवला जातो. मग पुढचं उदाहरण. हे लक्षावधी वेळा केलं की गुण अशा जागी स्थिरावतात जिथे चुका कमीत कमी होतात. 'शिकणं' हा शब्द भारी वाटतो, पण आत चालतं ते एवढंच.

न्यूरल नेटवर्क म्हणतात त्या प्रकारात जोड्या-बिड्या मोजून द्याव्या लागत नाहीत. अमिनो आम्लांचा क्रम जसाच्या तसा द्यायचा. यंत्र त्यावरून लहान लहान खिडक्या सरकवतं आणि प्रत्येक खिडकीसाठी आपला गुणतक्ता स्वतःच बनवतं. डॉड–एगन यांचा एक तक्ता होता, इथे शेकडो असतात आणि त्यांतले काही असे असू शकतात की माणसाच्या ध्यानातही आले नसते.

दक्षिण कोरियातल्या कैस्ट संस्थेच्या संशोधकांनी 2021 साली डीपटीफॅक्टर नावाची अशी प्रणाली प्रसिद्ध केली. ई. कोलायच्या प्रथिनांवर ती चालवल्यावर 332 नियामक निघाले. त्यांतली 84 प्रथिनं अशी होती की त्यांचं काम आधी ठाऊकच नव्हतं. ई. कोलाय हा पृथ्वीवरचा सगळ्यांत जास्त अभ्यासलेला जिवाणू आहे, हे लक्षात घेता हा आकडा थोडा नाही. संशोधकांनी यादी छापून काम थांबवलं नाही, हे विशेष. तीन प्रथिनं निवडून ती जिवंत जिवाणूच्या डीएनएवर नेमकी कुठे बसतात हे त्यांनी प्रयोगाने पाहिलं.

त्यानंतरची पायरी म्हणजे प्रथिनांची भाषा-प्रारूपं. मेटा कंपनीचं ईएसएम हे त्यांतलं नावाजलेलं. इथे सुरुवातीला नियामक-अनियामक असं काही सांगतच नाहीत. कोट्यवधी प्रथिनांचे क्रम द्यायचे, प्रत्येकातली काही अमिनो आम्लं झाकायची आणि झाकलेलं ओळखायला लावायचं. ते ओळखता येण्यासाठी यंत्राला त्या वळणावर ग्लायसिन का येतं यासारख्या गोष्टींचा सुगावा आपसूक लागतो. एवढं झाल्यावर नियामक ओळखायला त्याला थोडीच उदाहरणं पुरतात. मातीतल्या कमी अभ्यासलेल्या जिवाणूंसाठी हे फार मोलाचं आहे, कारण त्यांची पक्की उदाहरणं थोडीच असतात.

फसवा आकडा

अशा प्रणालींबद्दलच्या बातम्यांत '95 टक्के अचूक' असे शब्द येतात. तो आकडा आला कुठून हे विचारल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये, असं मी आग्रहाने म्हणेन.

ई. कोलायमध्ये सुमारे 4,300 प्रथिनं आहेत आणि त्यांत नियामक साधारण 300. एखाद्या प्रणालीने काहीही न शिकता प्रत्येक प्रथिनाला 'नाही' म्हटलं तरी ती 4,000 वेळा बरोबर ठरते. म्हणजे 93 टक्के अचूकता, आणि नियामक एकही सापडलेला नाही.

आता एक बरी प्रणाली कल्पून पाहू. शंभर नियामकांतले 90 ती पकडते आणि शंभर अनियामकांतल्या फक्त 5 जणांना चुकून नियामक ठरवते. ऐकायला उत्तम. पण 300 पैकी ती 270 पकडेल आणि 4,000 पैकी 200 चुकीचे उचलेल. हाती येणारी यादी 470 जणांची, त्यातली 43 टक्के नावं खोटी. प्रयोगशाळेत त्या प्रत्येक नावामागे महिने जातात. म्हणूनच जाणकार मॅथ्यूज गुणांक नावाचा आकडा पाहतात. सगळ्यांना 'नाही' म्हणणाऱ्या प्रणालीच्या पदरात तो काहीच पडू देत नाही. 1975 साली हा गुणांक मांडणारे ब्रायन मॅथ्यूज तेच, ज्यांच्या गटाने पुढे क्रो प्रथिनाची रचना शोधली.

दुसरी फसगत उदाहरणांच्या निवडीत होते. नियामक नसलेली प्रथिनं म्हणून नुसती पेशीपटलातली किंवा पचनाची प्रथिनं दिली, तर यंत्र 'धन भार जास्त म्हणजे नियामक' एवढंच शिकून बसतं. मग रायबोसोममधली प्रथिनं समोर आली की ते हमखास चुकतं. रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणा. तिच्यातली प्रथिनं आरएनएला धरून असतात, म्हणून धन भाराची असतात, पण जनुकांवर हुकूम चालवणं हे त्यांचं काम नव्हे. अवघड, फसवी, नियामकासारखी दिसणारी उदाहरणं मुद्दाम दिली तरच यंत्राला खरा फरक शोधावा लागतो.

तिसरी फसगत सगळ्यांत सर्रास आढळते. निरनिराळ्या जिवाणूंत एकाच प्रथिनाची जवळजवळ सारखी रूपं असतात. त्यांतलं एक शिकवण्याच्या गठ्ठ्यात आणि दुसरं परीक्षेच्या गठ्ठ्यात गेलं की यंत्र आठवणीवर उत्तर देतं. परीक्षेतलं प्रत्येक प्रथिन शिकवलेल्या सगळ्या प्रथिनांपासून पुरेसं वेगळं असलं पाहिजे. समानता 30–40 टक्क्यांच्या वर नको, असा दंडक बरेच गट पाळतात. तो पाळला की अचूकतेचा आकडा बहुधा खाली येतो. तो खाली आलेला आकडाच खरा.

> चौकट: निकाल वाचताना
> • खऱ्या नियामकांपैकी किती सापडले आणि सापडलेल्यांपैकी खरे किती, हे दोन आकडे वेगवेगळे दिलेत का?
> • 'नियामक नाही' म्हणून कोणती प्रथिनं दिली होती? त्यांत डीएनए किंवा आरएनए धरणारी, पण नियामक नसलेली प्रथिनं होती का?
> • परीक्षेतली प्रथिनं शिकवलेल्या प्रथिनांपेक्षा किती वेगळी होती?
> • एखादा तरी अंदाज प्रयोगशाळेत तपासून पाहिला का?

माणसांच्या बाबतीतही यंत्राच्या यादीवर विसंबून चाललेलं नाही. 2018 साली तज्ज्ञांच्या एका गटाने मानवी प्रथिनांतल्या संभाव्य नियामकांचा पुरावा एकेक करून तपासला आणि 1,639 नावं ग्राह्य धरली. आपल्या सुमारे 20,000 जनुकांतला हा मोठा वाटा आहे. यंत्राला शिकवायला उदाहरणं लागतात ती अशाच चिकाटीच्या कामातून मिळतात.

कुटुंब कळलं की काय कळतं

नियामक आहे की नाही एवढ्यावर वर्गीकरण संपत नाही. कोणत्या कुटुंबातलं, हा पुढचा प्रश्न. आर्पए हे टेटआर नावाच्या कुटुंबातलं आहे. या कुटुंबातली बहुतेक प्रथिनं जनुक दाबून धरतात आणि त्यांच्यात एखाद्या छोट्या रेणूसाठी खोबण असते. तो रेणू बसला की पकड सुटते. लायसआर हे जिवाणूंमधलं आणखी एक फार मोठं कुटुंब, त्यातली बरीचशी जनुकाला चालना देतात. त्यामुळे अनोळखी प्रथिनाचं कुटुंब कळलं की प्रयोग कोणता करायचा हे कळतं. दाबणारं असेल तर ते काढून टाकून पाहायचं, चालना देणारं असेल तर त्याचं प्रमाण वाढवून पाहायचं.

औषधांच्या शोधात हा फरक निर्णायक ठरतो. ग्रिसियसचा पूर्ण डीएनए 2008 साली वाचला गेला, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनसारखी खास रसायनं बनवणारे जनुकांचे 34 संच त्यात दिसले. प्रयोगशाळेत बहुतेक स्ट्रेप्टोमायसेस असे संच मुकाट बंद ठेवतात. त्यांना जागं करायची एक वाट 2011 साली फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवली. स्ट्रेप्टोमायसेस अँबोफेशियन्समधल्या एका झोपलेल्या संचात त्यांना चालना देणाऱ्या प्रथिनाचं जनुक दिसलं. ते कोणत्या कुटुंबातलं हे क्रमावरून कळलं होतं. त्या जनुकाला त्यांनी सतत चालू ठेवलं आणि जिवाणूने स्टॅम्बोमायसिन हे आधी कोणालाही माहीत नसलेलं, 51 अणूंच्या कड्याचं रसायन करायला सुरुवात केली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. अशा संग्रहांतल्या जिवाणूंचे डीएनए वाचून, त्यांतले नियामक छाननी करून वेगळे काढणं, हे काम आपल्याकडे जोमाने व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कच्चा माल इथे आहे आणि सूक्ष्मजीवांपासून औषध बनवण्याचा अनुभवही.

क्रमावरून कुटुंब कळलं तरी ते प्रथिन नेमकं कोणत्या जनुकावर बसतं आणि कोणत्या रेणूने सुटतं, हे बहुधा कळत नाही. ते प्रयोगानेच पाहावं लागतं आणि त्याचं मोल किती, हे क्षयाच्या जिवाणूने दाखवलं आहे. इथिओनामाइड हे क्षयावरचं जुनं औषध. ते शरीरात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. जिवाणूचंच एक प्रथिन त्याला क्रियाशील करतं, म्हणजे जिवाणू आपल्या हाताने आपलं मरण तयार करतो. पण त्या प्रथिनाचं जनुक इथआर हे नियामक दाबून ठेवतं, म्हणून औषधाचा डोस मोठा द्यावा लागतो आणि दुष्परिणामही वाढतात. इथआर टेटआर कुटुंबातलं आहे, म्हणजे त्याच्यातही एक खोबण असणार. 2009 साली फ्रान्स आणि बेल्जियमच्या संशोधकांनी त्या खोबणीत बसेल असा रेणू मुद्दाम घडवला. तो दिल्यावर इथआरची पकड सुटली आणि उंदरांमध्ये कमी डोसातच इथिओनामाइड परिणामकारक ठरलं. क्षयाच्या जिवाणूत एकूण जवळपास 200 नियामक आहेत. त्यांतले कोणते कोणत्या औषधाच्या वाटेत बसले आहेत, याचा शोध एकेक करून चालू आहे.